सगळ्यांसमोर केलेली प्रार्थना

पुतळाबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी तिच्या तोंडावर सांगत आले. सामरवरणीच्या चाळीत आम्ही दहा वर्षं शेजारी. ती नवापूरकडची, मी चोपड्याची. शुक्रवारी संध्याकाळी तिच्या खोलीत आमची प्रार्थनासभा भरते. एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. सगळे मिळून पंधरा मिनिटं, पुतळाबाई एकटी अर्धा तास. कोणाचा ताप, कोणाची सासू, सगळं देवाला सविस्तर सांगणार. जसं काही त्याला ठाऊकच नाही!

तिचा एकुलता एक संजू दोऱ्याच्या कंपनीत मशीनवर होता. मागच्या सप्टेंबरात त्याला कामावरून काढलं. बायकोला, सरिताला, सांगायची त्याची हिंमत झाली नाही; तिला सातवा महिना होता. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा आणि दमणगंगेच्या काठी बसून परत यायचा. तीन आठवड्यांनी आईला तेवढं सांगितलं. "आई, दुसरं काम मिळेपर्यंत कोणाला कळू देऊ नको. तुझ्या पाया पडतो." चार दिवस तिने मलासुद्धा सांगितलं नाही, हे नवलच म्हणायचं.

शुक्रवारी तिने डोळे मिटले, हात वर केले आणि सुरू झाली. "प्रभू, माझ्या संजूचं काम सुटलं, तीन आठवडे लेकरू नदीवर बसून येतं, त्याला वाट दाखव..." तिच्या मनात पाप नव्हतं हो. देवाशी बोलताना खोलीत माणसं असतात, हेच ती विसरली. सवयीने दोघातिघांनी आमेनही म्हटलं. सरिता माझ्या शेजारी बसली होती, संजू दारात उभा होता.

"म्हणजे रोज माझ्याशी खोटं बोललात?" सरिता एवढंच म्हणाली. संजूने चपला घातल्या आणि निघून गेला.

पाच महिने झाले. फोन बंद. पोलिसांत तक्रार दिली, वापी, सुरत पालथं घातलं, कंपन्यांच्या गेटवर फोटो दाखवले. सरिताला मुलगी झाली, बापाला पत्ता नाही. पुतळाबाईच्या अंगावर मांस म्हणून उरलं नाही, पण बोलणं तेवढंच. "देवाला नको सांगू तर कोणाला सांगू वं माय?" एकदा मी चिडले. म्हटलं, "मावशी, देवाला मनातलं ऐकू येतं. ओरडून सांगायची हौस आपल्याला असते." ती ढसाढसा रडली. मी घरी येऊन स्वतःलाच शिव्या घातल्या.

परवा दुपारी तिच्या फोनवर अनोळखी नंबर आला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून मीच बटण दाबून स्पीकर लावला. पलीकडे नुसता श्वास. मग, "आई..."

झालं! "संजू! कुठे मेला होतास रे? माझा जीव टांगणीला लावलास! जेवतोस का? अंगावर धड कपडे आहेत का?"

"आई, ऐक ना..."

"सरिताची काय दशा झाली बघ येऊन. माझं चुकलं रे बाळा, मला माफ कर. थांब, आधी प्रार्थना करू. हे स्वर्गीय पित्या..."

"मावशी, गप बस! त्याला बोलू दे!" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. तिने तो झटकला आणि प्रार्थना चालूच ठेवली.

"आई, माझं ऐक..." आणि फोन कटला.

मी लगेच उलटा फोन लावला. भलत्याच माणसाने उचलला. "वो तो गया, बहेन. अंकलेश्वर स्टेशन के सामने मेरी चाय की लारी है, मेरा फोन माँगा था. बहुत रो रहा था." कुठे गेला विचारलं, तर त्या चहाच्या गाडीवाल्याला माहीत नव्हतं.

पुतळाबाई भिंतीला टेकून खाली बसली. "प्रमिला, त्याला मुलगी झाल्याचं सांगायचंच राहिलं गं," ती म्हणाली.

मग तिने माझा पदर धरला. "काय सांगत होता गं तो? तुला तरी ऐकू आलं ना?"

"त्याने काही सांगितलंच नाही, मावशी," मी म्हटलं. "तू बोलत होतीस."