तेओतीच्या नद्या

गॉर्डन पिटने उभा जन्म दुधाचा टँकर चालवला, पण कुणी विचारलं की तो आधी रग्बीवाला असायचा. सामना ड्युनेडिनला असो नाहीतर पार इन्व्हरकारगिलला, त्याची व्हॅन निघायचीच, आणि शेजारी तेओती असायचा, क्लबातला जुना माओरी जोडीदार. माओरी म्हटलं की गॉर्डनला भरतंच यायचं. गळ्यात हाडाचा कोरीव गळ, दंडावर गोंदण, आणि सामन्याआधी राष्ट्रीय संघ करतो तो हाका, आरोळ्या देत करायचा युद्धनाच, तोंडपाठ. टीव्हीसमोर तो मांड्या थोपटत हाका करू लागला की तेओती उठून चहाची किटली ठेवायला जाई. गड्याला चहाचं वेड आहे, असं गॉर्डन सगळ्यांना सांगायचा.

तो तेओती गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी क्लबची वीसेक माणसं काइआपोईबाहेरच्या त्याच्या मराएच्या, म्हणजे कुळाच्या सभास्थानाच्या, फाटकाशी उभी होती. समोर मोकळं अंगण, पलीकडे सभाघराच्या पडवीत उघडी शवपेटी आणि तिच्या कडेने बसलेल्या काळ्या कपड्यांतल्या बायका. पाहुण्यांतर्फे गॉर्डनने बोलायचं ठरलं होतं. बोलून झालं की गाणं हवंच. त्याशिवाय निरोप अर्धाच राहतो.

तेओतीची थोरली बहीण, रिरिया आँटी, काठी टेकत फाटकाशी आली. "गाणं कुठलं म्हणणार आहेस?"

"हाका करतो, आँटी. चाळीस वर्षं घोटलाय."

"तो रचला कुणी, ठाऊक आहे?"

"उत्तरेकडच्या त्या सरदारानं."

"त्याच सरदारानं आमच्या पूर्वजांचा किल्ला जाळला. हा काय, पलीकडेच. आमची किती माणसं गेली त्यात. आणि तू ते माझ्या भावाच्या उशाशी ओरडणार होय?"

गॉर्डनच्या कानशिलांत रक्त चढलं. "पण तो कधी बोलला नाही मला."

"कसा बोलेल? तू हौसेनं नाचायचास. तुझं मन मोडवेना त्याला." ती परत फिरली. "त्याच्या हातचा चहा किती प्यायलास रे?"

तेवढ्यात पडवीतून हाक उठली. दोन्हीकडच्या मेलेल्यांना बोलावणारा तो बाईचा उंच सूर ऐकून गॉर्डनच्या अंगावर दर वेळी काटा यायचा, आजही आला. पण आज त्याला त्या अंगणात पाऊल टाकायचीच लाज वाटत होती.

पाहुणे बाकांवर बसले. गॉर्डन उठला. व्हॅनबद्दल बोलला, वाटेत खाल्लेल्या गरम मीट-पायबद्दल बोलला, हरलेल्या सामन्यांबद्दल बोलला. मग शब्द संपले. सगळं अंगण गाण्यासाठी थांबलं होतं. हात सवयीने मांड्यांकडे निघाले, ते त्याने पाठीमागे घट्ट धरले. असाच खाली बसला असता, तर दोस्ताला त्याच्याच माणसांदेखत अर्धा निरोप मिळाला असता.

त्याने पेटीकडे पाहिलं, आणि त्याला पूल आठवले. व्हॅन पुलावर चढली की तेओती बोलणं तोडून त्या नदीसाठी एक ओळ म्हणायचा. "आजीचं आहे," एवढंच सांगायचा. इतका माओरीवेडा गॉर्डन, पण त्याने कधी अर्थ विचारला नव्हता. तरी तीस वर्षांत ओळी आपोआप पाठ झाल्या होत्या.

वाइमाकारिरी, त्याने सुरुवात केली. आवाज फाटला. राकाइआ. पाठीशी क्लबवाले उभे राहिले, पण साथ द्यायला कुणाला येतच नव्हतं. हाकातेरे. रांगिताता. तिथे तो अडखळला.

पडवीत रिरिया आँटी उठली. यजमानांनी असं मधलं अंगण ओलांडून पाहुण्यांकडे यायचं नसतं. तिथल्या म्हाताऱ्यांनीही ते कधी पाहिलं नव्हतं. ती काठी टेकत, भावाला मागे ठेवून, सगळं अंगण चालून आली आणि गॉर्डनच्या शेजारी उभी राहिली. पुढची नदी तिने उचलली. क्लबवाल्यांनी टोप्या काढल्या. वाइताकीपर्यंत दोघांनी मिळून गायलं. एवढं मोठं काही आपल्या वाट्याला येईल, असं गॉर्डनला जन्मात वाटलं नव्हतं.

गाणं संपल्यावर आँटीने माओरी रीतीने त्याच्या नाकाला नाक लावलं. तिचे गाल ओले होते.

"रांगिताताशी चुकलास," ती म्हणाली. "तोही तिथंच चुकायचा."