हिरवी नळी

धाकट्या जावेचा मी हेवा करायची. आता लपवण्यात अर्थ नाही. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी वाशीच्या एकाच बिल्डिंगमध्ये राहत होतो, ती पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. घरात मी आधी आले, पण सासूबाई मुक्कामाला उतरायच्या तिच्याकडे. कारण काय, तर म्हणे जिने चढवत नाहीत. माझ्याकडे जेवायला येताना मात्र चढवायचे.

दोघींना एकेक मुलगी, दोघी आठ वर्षांच्या. तिची पोरगी दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळायची आणि दात बघावेत तर मोगऱ्याच्या कळ्या. माझीला मी मोजून एक गोळी देणार, रात्री स्वतः उभी राहून दात घासून घेणार.

तेव्हा आमच्या सेक्टरात एक दातांची डॉक्टर आली. जवळच्याच शिरवणे गावातली मुलगी, नुकतीच शिकून बाहेर पडलेली. तिची आई दवाखान्याच्या दारात स्टुलावर बसून पेशंटला नंबर द्यायची. या डॉक्टरने सोसायटीतल्या मुलांची थुंकी तपासायची ठरवली. मुलांना मेणाचा तुकडा चावायला द्यायचा, सुटलेली लाळ बाटलीत थुंकायला लावायची, मग त्यातले थेंब हिरव्या औषधाच्या नळीत टाकून ती नळी उबदार पेटीत ठेवायची. दात किडवणारे जंतू जास्त असतील, तर हिरवं पिवळं होतं. अट एकच. मुलाने सकाळी दात घासायचे नाहीत, चूळसुद्धा भरायची नाही, उपाशी यायचं.

माझ्या मुलीची नळी दुसऱ्याच दिवशी पिवळीजर्द झाली. धाकटीच्या मुलीची तीन दिवस हिरवीगार.

"घाबरू नका, अजून कीड लागलेली नाही," डॉक्टर मला म्हणाली. "पण मागच्या दाढेच्या खाचा खोल आहेत, आणि ही दाढ कायमची आहे, पडली की पुन्हा येत नाही. गोड बंद करा. तीन महिन्यांनी परत बघू. तेव्हाही पिवळं आलं, तर कीड लागायच्या आत खाचा भरून टाकू. हिरवं आलं तर प्रश्नच मिटला."

किती सरळ गोष्ट होती. पण माझ्या डोक्यात दाढ शिरलीच नाही, शिरला तो फक्त रंग. त्या रविवारी जेवताना धाकटी सहज म्हणाली, "आमची हिरवी आली हं, वहिनी." सासूबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "लाळसुद्धा वळणाची आहे हो हिची." माझ्या पानातला भात तसाच राहिला.

तीन महिने मी मुलीला साखरेचा कण दिला नाही. तरी धीर धरवेना. दुसऱ्या तपासणीच्या सकाळी मी तिला मोरीत नेलं, दात घासायला लावले आणि मीठ-तुरटीच्या कोमट पाण्याने चार वेळा खळाखळा चुळा भरायला लावल्या.

"आई, डॉक्टर नको म्हणाल्यात ना?"

"पारोशा तोंडाने कुणाच्या दारात जाऊ नये," मी म्हणाले. आमच्या माहेरचं वळण होतं ते, खोटं नव्हतं. पण त्या दिवशी मी त्याच्या आड लपले होते.

दारात डॉक्टरच्या आईने आपल्या आगरी बोलीत विचारलं, "पोरीनं चूल नाय ना भरली? काय खाल्लेलं नाय ना?"

"नाही हो," मी म्हणाले. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

नळी तीन दिवस हिरवी राहिली. मी साजूक तुपातला शिरा केला आणि वाटीभर पहिल्या मजल्यावर मुद्दाम स्वतः नेऊन दिला. मुलीचं पथ्यही सुटलं. इतके दिवस तोंड बांधलेली पोर, तिने हात सैल सोडला आणि मीही सोडू दिला.

पुढच्या वर्षी तिचा गाल सुजला. दाढ आतून पोखरली होती, मुळाशी पू झाला होता. काढण्यावाचून इलाज नव्हता. त्या दिवशी यांची फर्स्ट शिफ्ट होती, म्हणून धाकटी हातातली पोळी तव्यावर टाकून माझ्याबरोबर आली.

इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर जुनी वही काढून बघत राहिली. तिला काही उमगेना. "दुसऱ्या वेळी तर हिरवी होती. पिवळी आली असती तर मी तेव्हाच खाचा भरल्या असत्या. चूक माझीच झाली की काय? त्या दिवशी तोंड न धुताच आणलं होतं ना हिला?"

मुलगीच बोलली, बधिर ओठातून, लाळ गाळत, "न धुताच आले होते."

डॉक्टरने मान हलवली आणि चिमटा हातात घेतला. धाकटीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "शहाणी गं माझी ती," म्हणत ती खुर्चीजवळ बसली. मुलीने डोळे मिटले आणि काकूचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. लाजेने मान खाली जायला हवी होती माझी. मी त्या हाताकडे बघत होते, आणि मला धाकटीचा हेवा वाटत होता.