खर्चाचा आकडा

बंगळुरूहून कायदा शिकून गोंदियाला परतले, तेव्हा वाटलं होतं, रोज न्यायासाठी भांडायला मिळेल. मिळाली ती बाररूममधली कोपऱ्यातली खुर्ची आणि तारखांवर तारखा. तारखेची वाट बघताना काम होत नाही, किस्से मात्र साचतात. ऐकवायला इथे कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते.

*

पहिल्या दिवशी एका सीनियरनी विचारलं, "बेटी, किसकी तरफ से हो?"

मी ताठ मानेने म्हटलं, "न्यायाच्या!"

"अच्छा, मतलब अभी केस नहीं है!"

*

मग केस आली. दरेकसा गावची सुगनबाई, एकटी विधवा. धानाच्या बांधावरून शेजारच्या दुधरामविरुद्ध दावा हरली होती, अपील माझ्याकडे. दुधरामच्या वकिलाने धोशा लावला, की हरलेल्या बाईने कोर्टखर्च किती द्यायचा ते आत्ताच ठरवा.

"आकडा निघला तं मी अपील सोडून देईन, बाई," सुगनबाई म्हणाली.

अपिलाचा निकाल लागेपर्यंत ही आकारणी थांबवायची की नाही, हे सर्वस्वी न्यायाधीशांच्या हातात. मी बावीस पानांचा अर्ज लिहिला. क्लार्कने तो हातावर तोलला.

"मॅडम, साहेबांना पटवायचं आहे की झोपवायचं?"

*

तारखेला बघते तर काय, सुगनबाई दुधरामच्याच फटफटीवरून उतरली! मी तिला बाजूला ओढलं.

"अहो, ते विरुद्ध पक्षकार आहेत!"

"झगडा बांधाचा आहे बाई, फटफटीचा नाही!"

दुपारी दोघं कडुलिंबाखाली एकाच डब्यातून जेवली. मी खिडकीतून बघत गार पोळी संपवली.

*

अर्ज पुकारला. न्यायाधीशांनी विचारलं, "समोरच्यांची हरकत?"

वकील उठायच्या आत म्हातारा दुधरामच उभा राहिला. "साहेब, आकडा नोका काढू."

वकिलाने त्याचा सदरा ओढला. "काका, बसा! हरकत आपलीच आहे!"

"बसतो ना. पन आकडा निघला का हे बाई केस सोडते. मंग तारखेले मी एकटाच कायले येऊ?"

माझ्या अर्जाचं एकही पान न उलटता न्यायाधीशांनी सांगितलं, "अपिलाच्या निकालापर्यंत खर्चाची आकारणी स्थगित."

अपील लवकर चालावं, असाही एक अर्ज मी टाइप करून ठेवला होता. बाहेर आल्यावर सुगनबाईला सांगितलं. फटफटीवर बसता बसता ती म्हणाली, "येवढी घाई काऊन करून राहिली, बाई?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, तो अर्ज दाखल करायचा नाही.