नंबर न मिळालेला रुपया

अंता रोज सकाळी चहा झाला की मला फोन करायचा. माझं मालवणात विजेच्या सामानाचं दुकान, त्याचा आत गावात काजूगराचा लहानसा कारखाना. फोनला कारण लागायचं नाही, पण गेले काही आठवडे एकच कारण होतं... त्याचं पार्सल. त्याच्या गावात कुरिअरवाला जात नाही, म्हणून पत्ता माझ्या दुकानाचा दिलेला. त्या दिवशी त्याचा नंबर दिसला तेव्हा मी शटर वर ढकलत होतो. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून नेहमीच्या वैतागाने म्हटलं, "येवक नाय रे तुझा पार्सल. इला की सांगतंय." पलीकडे अंता नव्हता. त्याची बायको, आमच्या वहिनी, बोलल्या, "भावजी, मी बोलतंय... ते उठणत नाय." मी अर्धं शटर तसंच ठेवून निघालो. पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि अंता आयुष्यात पहिल्यांदा एका जागी निवांत पडला होता.

हे मी थट्टेने लिहीत नाही. शाळेपासून आम्ही बरोबर होतो, पण हा माणूस पाच मिनिटं सलग बसलेला मी क्वचितच पाहिला. चहा उभ्याने प्यायचा. लग्नाच्या पंगतीत ताक येण्याआधी उठायचा आणि यजमानाला वाटायचं, याला काही कमी पडलं की काय. त्याच्याशी बोलायचं तर त्याच्यामागून चालत बोलावं लागे. फक्त हातात जुनं नाणं आलं की त्याचे पाय थांबायचे. काजूबी विकायला येणाऱ्या म्हाताऱ्यांनी कधीतरी पदराच्या गाठीतून काढून दाखवलेल्या तांब्याच्या ढबू पैशापासून हा नाद लागला. मग फोंडाघाटचा बाजार, बांद्याचा बाजार, पलीकडे गोवा, जिथे कुणी जुनं काही विकायला बसलं असेल तिथे स्वारी हजर. भिंग लावून नाणं बघताना तो श्वासही हळू घ्यायचा. नाण्याला कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे, पुसणं तर दूरच. "कडेन धर रे, कडेन!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता सुटे पैसे मोजतानाही मी नाणी कडेने धरतो.

कोल्हापूरच्या एका प्रदर्शनातून त्याने एकदा प्लास्टिकच्या बंद डबीतलं नाणं आणलं. अशी डबी म्हणजे नाणं एखाद्या संस्थेने तपासून, खरं ठरवून, किती टिकलंय त्याचा नंबर देऊन सीलबंद केलेलं. प्रत लावणं म्हणतात त्याला. डबीवर वेगळा छापलेला अनुक्रमांक त्या संस्थेच्या साइटवर टाकला की नाण्याचा फोटो दिसतो. अंताने तो घरी येऊन टाकला, तर समोर दुसऱ्याच नाण्याचा फोटो! नाणं खोटं, वरची डबीही खोटी. विकणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "डबी बंद आहे ना? मग झालं तर." पैसे बुडाल्याचं अंताला फारसं लागलं नाही. पण ज्याच्यावर विसंबायचं तेच खोटं निघालं, याने तो हैराण झाला. त्या दिवसापासून तो संग्रहातलं प्रत्येक नाणं पुन्हा पुन्हा बाहेर काढून बघू लागला.

आणि त्यातच गेल्या गणपतीत त्या रुपयाचा विषय निघाला. अंताची आजी बांद्याच्या पलीकडची, पोर्तुगीज अमलातल्या गोव्यातली. लग्न होऊन येताना तिने तिकडचा चांदीचा रुपया आणला, तो या घरात दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पाटावर बसतो. आरती होऊन सगळे प्रसाद खात बसले असताना अंताचा मुंबईचा चुलतभाऊ सुहास सहज बोलावं तसं बोलून गेला, "आजयेचो खरो रुपयो काकान कधीच इकल्यान. ह्यो सोनाराकडसून करून घेतलेलो." काका म्हणजे अंताचे वडील. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. अंता उठला आणि अंगणात फेऱ्या मारायला लागला. त्याचे वडील गावच्या देवळाचे पैसे सांभाळायचे, लोक डोळे मिटून त्यांच्या हातात द्यायचे. तो माणूस आपल्याच घरातल्या देवाचा रुपया बदलेल? अंताला ते शक्य वाटत नव्हतं, पण सुहासच्या डोक्यातून ते काढायचं कसं, हेही कळत नव्हतं. रुपया तपासून घ्यायचा, पण कुणाकडून?

त्या शोधात त्याने मला इतका पिडला की विचारू नका. परदेशातल्या नावाजलेल्या संस्थांकडे एवढं जुनं नाणं पाठवायला कायद्याची आडकाठी, म्हणजे इथलंच कुणीतरी बघायला हवं. माझ्या दुकानात येऊन, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, तो स्पीकरवर फोन लावायचा आणि शुद्ध मराठीत विचारायचा. तुम्ही स्वतः नाणी विकता का? नाणं किती जण बघतात? बघणाऱ्याला मालकाचं नाव कळतं का? तुमचं चुकलं तर काय कराल? एकाने तर सगळे प्रश्न ऐकून घेतले आणि गोड आवाजात विचारलं, "काका, तुम्हाला नंबर कितीचा हवाय?" अंताने फोन असा ठेवला, जणू त्याला विंचू चावला. "माज्या टेबलावरची एक तरी बायल इचारता काय, गर कितीचो व्हयो म्हणान?" त्याच्या कारखान्याची रीतच तशी होती. अख्खे गर, पाकळी, तुकडा ही निवड बायका करायच्या आणि माल कुणाकडे जाणार ते तो त्यांना सांगत नसे. स्वतः तर ताटाला हातही लावायचा नाही. माल ज्याचा, त्याने त्याची प्रत लावायची नाही, हे त्याचं ठाम मत. जी संस्था नाणी विकते तिने नाण्याला नंबर द्यायचा नाही, हेही त्याने तिथूनच घेतलं.

मी वैतागून म्हटलं, "अरे, त्या गोड बोलणाऱ्याकडेच पाठव. चांगला नंबर घे, सुहासच्या तोंडावर मार आणि मोकळा हो." तो चालता चालता थांबला. "खोट्या तोंडान माज्या बापाशीक खरो म्हटलो, तर त्येचो उपेग काय रे?" मी पुढच्या संस्थेचा फोन लावून दिला.

शेवटी त्याला आवडली ती एक तुसडी संस्था. तिथल्या बाईंनी फोनवर सरळ सांगितलं, "आम्ही नाणी विकत नाही आणि घेतही नाही. खोटं निघालं तर खोटं म्हणून परत पाठवू, फी परत मिळणार नाही. फोनवर काही विचारू नका." अंता खूश. म्हणाला, "हयच पाठवया." मग त्यांच्या जुन्या डब्यांचे अनुक्रमांक साइटवर टाकून फोटो जुळतात का ते बघितलं, त्यांनी ज्यांची नाणी खोटी ठरवली अशा दोघांना शोधून काढून त्यांच्याशीही बोलला. त्या दोघांनी संस्थेला मनसोक्त शिव्या घातल्या आणि अंताचा विश्वास आणखी वाढला.

पाठवायच्या दिवशी वहिनींनी रुपया स्वच्छ धुऊन दिला. परक्यांच्या घरी जायचा, तो कळकट कसा पाठवायचा? दर लक्ष्मीपूजनाला धुतात तसाच, सोलाच्या, म्हणजे आमसुलाच्या, पाण्यात भिजवून, रांगोळीने घासून, चकचकीत. अंता शेजारी उभा राहून बघत होता आणि त्याला काहीही वाटलं नाही. संग्रहातल्या नाण्याला बोट लावू न देणारा हा माणूस! पण तो रुपया त्याच्या लेखी नाणं नव्हताच, देव होता. देवाला धुवायचं नाही तर काय करायचं? माझ्या दुकानात येऊन गुंडाळण्याआधी सवयीने भिंग लावलं आणि मग त्याचा चेहरा उतरला. "बाबू... ह्येका घासून घासून काय ऱ्हवलेला नाय रे." मी म्हटलं, नको पाठवूस मग. बराच वेळ तो भिंग उघडमीट करत राहिला. शेवटी पाठवलाच. त्यानंतर रोज सकाळचे ते फोन. त्याला निकाल हवाही होता आणि नकोही होता. झोप लागत नाही म्हणायचा. मी म्हणायचो, "येतलो रे तुजो रुपयो." याहून चांगलं काही बोलायला मला सुचलं नाही, ते आता सलतं.

पार्सल आलं ते त्याच्या बाराव्याच्या आदल्या दिवशी. उघडायचा मला धीर झाला नाही, तसंच घेऊन गेलो. कार्य आटोपल्यावर, जेवणं झाल्यावर, वहिनी आणि सुहास यांच्यासमोर ते पडवीत फोडलं. आत तसलीच बंद डबी, रुपया मधोमध, वर इंग्रजी चिठ्ठी. सुहासने ती हातात घेतली, चष्मा लावून वाचली आणि माझ्याकडे दिली. मी वहिनींना सांगितलं, रुपया अस्सल आहे. मग थांबलो. पुढचं सांगावं की नाही, कळेना... पण अंताने खरं बोलणारी माणसं शोधण्यात एवढी पायपीट केली होती आणि मी त्याच्याच पडवीत बसून अर्धंच वाचणार होतो? म्हणून सांगितलं. नाणं साफ केलेलं आहे, घासल्याच्या खुणा आहेत, सबब नंबर दिलेला नाही.

वहिनींनी तोंडावर पदर घेतला. "म्हणजे मीच खराब केलंय?"

सुहास डबी उजेडाकडे धरून बघत होता. आपल्या लहानपणच्या घराकडे बघावं तसा बघत होता. "वैनी, तुमी एकट्यांनी खंय? आजयेन धुतल्यान, काकीन धुतल्यान, मी आणि अंतान तर पैज लावन घासलेलो." मग डबी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "घासलेलो म्हणान लिवलानी ना? मगे तो आमचोच. काकान नाय इकूक."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट संताप आला, कुणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही. या एका वाक्यासाठी अंता वर्षभर चालत राहिला आणि ते आलं तेव्हा ऐकायला तो नव्हता. सुहास रडत होता. त्याला धीर द्यायचं माझ्या मनात आलं नाही, हेही लिहून टाकतो. वहिनींनी मात्र त्याच्यासाठी पाणी आणलं.

यंदा त्या घरात सण नाही. पुढच्या दिवाळीला डबी फोडून रुपया पाटावर ठेवायचा की तसाच सीलबंद ठेवायचा, यावर सुहास आणि वहिनी दोघं मला विचारतात आणि माझं मत रोज बदलतं. तोवर वहिनींनी डबी कारखान्यात, गर निवडायच्या लांब टेबलावर नेऊन ठेवली आहे. परवा गेलो होतो. बायका कामाला बसल्या, समोर गर ओतले गेले, तेव्हा एकीने डबी उचलून बाजूला ठेवली. कामावरून उठताना टेबल पुसलं आणि डबी पुन्हा जागेवर आणली. धरली होती कडेने.