धुऱ्यावरची काठी

काशीकाकूचा पहिला मार मी लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात खाल्ला, तोही बायकोसमोर. आमच्या कोंढ्याकडे धानकापणीत थंडी पडलेली असते. सकाळी धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गवत दवानं चिंब आणि खाली चिकणमाती. डोक्यावर भारा, पायात चप्पल, कमरेला इळा खोचून मी ऐटीत निघालो. काकू नात्यातली नव्हे, शेजारच्या शेताची मालकीण. तिनं मागून पोटरीवर अशी काठी हाणली की मी भाऱ्यासकट खालीच बसलो.

"चप्पल हाती घे, इळा भाऱ्यात खोच. नाही तं तंगडी मीच मोडतो," ती म्हणाली.

हा जुलूम अख्खं गाव मुकाट सोसायचं. कारण काका अशाच एका सकाळी धुऱ्यावर घसरले आणि कमरेचा इळा पोटात घुसला. बाहेर आलेली आतडी लुगड्यात आवळून काकूनं त्यांना सडकेपर्यंत ओढत आणलं. गाडी यायच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून दव पडायला लागलं की ही बाई काठी घेऊन धुऱ्यावर उभी. पाटलाच्या जावयाचंही तिनं डोकं फोडलं होतं. कोणी भांडायला गेलं की म्हणायची, "रडाले सारा गाव येते, सावराले कोणी येत नाही."

पुढच्या हिवाळ्यात मी घसरलोच. अनवाणी होतो, तरी गेलो. हात मोडला, हाड कातडीबाहेर आलं. इळा मात्र भाऱ्यात होता. काकू धावत आली, आधी दोन शिव्या हासडल्या, मग पदर फाडून हात बांधला. बायको तिच्या पाया पडली तर तिलाही ढकललं. "माह्या पाया काहून पडतेस? याचे पाय पाहात जा."

यंदा पौषात काकू तापानं गेली. भल्या सकाळी तिरडी धुऱ्यावरून न्यायची होती. तिची काठी आम्ही तिच्याशेजारीच बांधली होती. पुढच्या खांद्याला तिचा नागपूरचा भाचा, पायात गुळगुळीत तळाचे बूट. काढा म्हटलं, तर म्हणाला थंडी आहे. दोन पावलांत त्याचा पाय सरकला, तिरडी कलंडली. माझं डोकंच फिरलं. दोरी सैल करून काठी ओढली आणि त्याच्या पोटरीवर हाणली. भाचा कळवळून वाकला, बाकीच्यांनी तिरडी सावरून धरली.

त्यानं बूट काढले. मग आम्ही काकूला पडू न देता नेलं.