बाबांना पाठवलेला मूकपट

“कॉम्प्युटरचंच काहीतरी आहे,” बाबा गाडीवाल्या काकांना सांगत होते.

मुंबई विमानतळाच्या बाहेर, ट्रॉल्यांच्या गर्दीत, मी त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी होते. बार्शीहून भाड्याच्या गाडीने आम्ही सकाळीच निघालो होतो. ताई तिकडं काय शिकायला चालल्यात, हे गाडीवाल्या काकांनी रस्ताभर विचारलं नाही आणि सामान उतरवल्यावर विचारलं. आई खाली वाकून माझ्या बॅगेच्या मुठीला जुन्या साडीचा काठ बांधत होती, तिकडे उतरल्यावर ओळखू यावी म्हणून. तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. मी ऐकलं आणि पासपोर्ट उगाचच पुन्हा उघडून बघितला.

मी चिनी सिनेमाचा इतिहास शिकायला चालले होते. बाबांना ते नीट माहीत होतं. ॲडमिशनचं पत्र मी त्यांना दोनदा वाचून दाखवलं होतं, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. मी तसं विचारलं नाही. आमच्या घरात असलं काही विचारत नाहीत.

“पोचलीस की फोन कर,” ते म्हणाले. मी “हो” म्हटलं आणि आत गेले. त्याला आता सहा वर्षं होतील. त्यानंतर मी घरी एकदाच जाऊन आले.

हे मी दोन्हीकडच्यांसाठी लिहितेय, जे माझ्यासारखे निघून आले त्यांच्यासाठी आणि जे मागे राहिले त्यांच्यासाठीही. चिनी सिनेमाच का, हे दोघेही मला विचारतात. खरं उत्तर बार्शीतच आहे. बाबांची व्हिडिओ लायब्ररी होती. आधी कॅसेट, मग व्हीसीडी. एका फळीवर त्यांनी मार्करने ‘चायना’ असं लिहिलं होतं आणि तिथे हाँगकाँगचे मारामारीचे सिनेमे असत, हिंदीत डब केलेले. शनिवारी पोरं यायची, “काका, नवीन चायना आलंय का?” बाबा डबी पुढे सरकवत म्हणायचे, “आलंय. प्रिंट चांगली आहे.” कुठल्याही सिनेमाबद्दल त्यांचा अभिप्राय एवढाच. गोष्ट चांगली आहे का, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

मी शाळेतून यायची, टाय सोडायची आणि काउंटरच्या मागे बसून ते सिनेमे बघायची. इंग्लिश मीडियमची पोर म्हणून मराठी बोलताना अडखळायची, आणि घरात कुणाला इंग्रजी येत नसे म्हणून तेही कुणाशी बोलता येत नसे. सिनेमा चालू असताना कुणी बोलायची अपेक्षा करत नाही. मला ते आवडायचं.

पुढे व्हीसीडी बंद झाल्या. दुकानात झेरॉक्स मशीन आलं, मग मोबाइल रिचार्ज आलं. फळी राहिली, तिच्यावर आता कागदांचे गठ्ठे असतात.

अमेरिकेत ॲन आर्बरला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात इथल्या मराठी लोकांच्या एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेले होते. एका काकूंनी प्लेटमध्ये साबुदाणा वडा ठेवता ठेवता विचारलं, “चायनीज सिनेमा? म्हणजे कराटे वगैरे?”

“हो, तसंच काहीतरी,” मी म्हटलं.

“अगं बाई. आणि मग जॉब कुठे मिळतो यात?”

त्यांचा मुलगा बाजूने म्हणाला, “Mom, stop.” मी हसले आणि पाणी आणायला गेले. परतताना बसमध्ये, खिडकीवरचा बर्फ बघत असताना, एकदम बाबा आठवले. पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून माणूस हाताशी असेल ते उत्तर देतो. मीही दिलं होतं. तरी विमानतळावरचं ते वाक्य मनातून गेलं नाही.

त्यामुळे माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. बाबांनी एकदा बघावं, मी कशासाठी निघून आले ते. सगळं नको, एक सिनेमा तरी.

ज्या इतिहासावर मी काम करते तो निघून जाणाऱ्या माणसांनी भरलेला आहे. चीनमध्ये सिनेमाची सुरुवात बीजिंगमधल्या एका फोटो स्टुडिओत झाली असं सांगतात. संगीत नाटकातला एक म्हातारा नट अंगणात उभा केला आणि त्याच्यासमोर कॅमेरा फिरवला. मग शांघाय आलं, स्टुडिओ आले, गावाकडून शहरात आलेल्या मुलींच्या गोष्टी आल्या. जगात बोलपट सुरू झाले तरी तिथे आणखी काही वर्षं मूकपट निघत राहिले, कारण आवाजाची यंत्रं सगळ्या थिएटरांना परवडत नव्हती. मग युद्ध आलं, मग क्रांती. शांघायची कितीतरी माणसं हाँगकाँगला गेली, थोड्या दिवसांसाठी म्हणून. तिथली भाषा वेगळी, तरी ती आपल्याच भाषेत सिनेमे काढत राहिली, सेटवर शांघायच्या गल्ल्या उभ्या करत राहिली. परत जायचं राहूनच गेलं. बाबांच्या फळीवरचं ‘चायना’ त्यांच्यातूनच पुढे आलेलं आहे.

इकडे चीनमध्ये एक काळ असा आला की तीच ती सात-आठ नाटकं पडद्यावर पुन्हा पुन्हा दाखवली जात. सिनेमाची शाळा बंद होती. ती उघडली तेव्हा शहरातून खेड्यात मजुरीला पाठवलेली मुलं परत आली आणि त्यांनी जे सिनेमे काढले त्यांत माणसं फार कमी बोलतात, डोंगर आणि आभाळच जास्त दिसतं. आता तिथे गल्लोगल्ली मल्टिप्लेक्स आहेत. हे सगळं मी इथल्या मुलांना शिकवते. वर्गात बोलायचं पहिलं वाक्य मी अजून कागदावर लिहून नेते.

गेल्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, मी बाबांसाठी सिनेमा निवडला. मला वाटत होतं की मी फार विचार करून निवडलाय. त्यांना इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत, चिनी तर नाहीच. म्हणून मी मूकपट निवडला. शांघायचा, काळापांढरा, पावणेदोन तासांचा. मध्येमध्ये पाट्या येतात तेवढ्यांचा मी मराठीत अर्थ लिहिला, प्रिंट काढायला पीडीएफ पाठवली. सिनेमात एक मुलगी गाव सोडून शहरात येते, रेशमाच्या गिरणीत काम करते, आणि तिचे वडील तिला शोधत येतात. भाषेचा अडथळाच नाही, असं मला वाटलं. टीव्हीवर कसा लावायचा ते आईला फोनवरून सांगितलं आणि वाट बघत बसले.

दुसऱ्या दिवशी बाबा फोनवर आले.

“बघितला,” ते म्हणाले. “छान आहे.”

“पूर्ण बघितला?”

“पूर्ण. प्रिंट चांगली आहे.”

प्रिंट चांगली नाहीये. ती इतकी खराब आहे की काही प्रसंगांत पडद्यावर पाऊस पडतोय असं वाटतं. एका ठिकाणी तर मुलीचा चेहराच पांढऱ्या डागाखाली गेलेला आहे. ज्या माणसाने वीस वर्षं, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून, व्हीसीआरचं हेड कापसाने पुसलं, त्याला हे दिसलं नसेल असं शक्यच नव्हतं. म्हणजे त्यांनी सिनेमा लावलाच नव्हता. मी “बरं” म्हटलं. फोन ठेवला आणि ठरवलं की आता पुन्हा असलं काही पाठवायचं नाही.

मी भांडत नाही, कमी बोलते. पुढचे तीन महिने रविवारच्या फोनवर मी आईशी बोलायची आणि तिने फोन बाबांना द्यायच्या आधी म्हणायची, आई, आता मीटिंग आहे. रविवारी सकाळी कसली मीटिंग, हे तिने विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये एकदा तिनेच विषय काढला. आवाज बारीक करून बोलत होती, बहुतेक मागच्या अंगणात उभी होती.

“अगं, त्यांना दिसत नाही.”

“म्हणजे?”

“शुगरने. पडदा खराब झालाय म्हणे डोळ्यातला. सोलापूरला दाखवलं, दोनदा लेझर केलं. उजव्याने उजेड कळतो थोडा. डाव्याने काहीच नाही. संक्रांतीपासून.”

मी महिने मोजले. सिनेमा मी मे महिन्यात पाठवला होता.

“मग तो सिनेमा?”

“बसले होते ना. पूर्ण बसले. हलले नाहीत खुर्चीतून. मी मेथी निवडत होते शेजारी. आवाज येईना, म्हणून दोनदा मला विचारलं, टीव्ही चालू आहे ना? म्हटलं, चालू आहे, चित्रं हलतायत. तर म्हणाले, बरं, हलू दे.”

ती पुढे म्हणाली, “तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीये त्यांनी मला. म्हणतात, कळलं तर ती सगळं सोडून निघून येईल.”

ज्या माणसाला दिसत नाही त्याला मी मूकपट पाठवला होता. पावणेदोन तास ते अंधारात, आवाजाशिवाय, खुर्चीत बसले होते. आणि उठून त्यांनी मला तेच सांगितलं होतं, जे ते गिऱ्हाइकाला सांगायचे.

मी निघून गेले नाही. हे लिहायला मला जड जातं. माझ्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला आहे. बाहेर गेले तर नवा मिळेपर्यंत परत येता येणार नाही, आणि मिळेल का हे कुणी सांगत नाही. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसमधून ईमेल आली होती की शक्यतो देशाबाहेर प्रवास करू नका. थिसिसची दोन प्रकरणं बाकी आहेत. ही सगळी कारणं खरी आहेत. रोज सकाळी मी ती मनात पुन्हा तपासते आणि ती खरीच निघतात, पण मला बरं वाटत नाही.

लायब्ररीत चिनी पुस्तकांच्या विभागात लिन नावाच्या बाई काम करतात. साठीच्या असतील. सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते जमत नाही, म्हणून मी हाकच मारत नाही, समोर जाऊन उभी राहते. सप्टेंबरमध्ये मी त्याच मूकपटाबद्दल एक जुनं मासिक मागायला गेले आणि त्यांनी विचारलं, “तू आजारी आहेस का?” मी नाही म्हटलं. मग का कोण जाणे, सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगायला सोपं गेलं.

त्यांनी मासिक बाजूला ठेवलं. त्यांचे वडील चीनमध्ये गावोगाव सिनेमा दाखवायचे. सरकारी नोकरी होती. खेचरावर प्रोजेक्टर, पडदा आणि पायाने फिरवायचा जनरेटर लादून डोंगरातल्या वस्त्यांवर जायचे. सिनेमातली भाषा राजधानीची, गावातल्या लोकांना ती कळायची नाही. म्हणून सिनेमा चालू असताना वडील मशीनशेजारी उभे राहून गावच्या बोलीत सगळं सांगायचे. आता ही कोण आली, ती का रडते, त्याच्या खिशात काय आहे. असं सांगणं हा त्या कामाचाच भाग होता.

“पहिल्या रांगेत एक आंधळी म्हातारी बसायची,” लिनबाई म्हणाल्या. “दर वेळी. लोक चेष्टा करायचे तिची. माझे वडील म्हणायचे, सगळ्यांत नीट तीच बघते.”

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला तर दोन्ही भाषा येतात.”

येतात, पण मला सांगता येत नाही, हे त्यांना कसं समजावणार? माझं मराठी काउंटरच्या मागे बसून ऐकलेलं आहे. तीन रविवार मी सिनेमा लॅपटॉपवर उघडला आणि बंद केला. चौथ्या रविवारी, इथे सकाळचे साडेनऊ आणि तिकडे संध्याकाळचे सात वाजले असताना, मी आईला म्हटलं, बाबांना दे.

“मीटिंग नाही आज?” बाबा म्हणाले.

“नाही. बाबा, तो सिनेमा मी परत लावतेय. मी बघते आणि तुम्हाला सांगते.”

आईने सांगितलंय हे त्यांना कळलं असणार. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“लाव,” ते म्हणाले.

“एक बोट आहे. म्हणजे, बोट येतेय. खूप लोक उभे आहेत, जिथे बोट थांबते तिथे, त्या…”

“धक्का.”

“धक्क्यावर. एक मुलगी उतरतेय. तिच्याकडे गाठोडं आहे. तिला कुणी घ्यायला आलेलं नाही.”

“केवढी आहे?”

“अठरा-एकोणीस. घाबरलेली आहे, पण दाखवत नाहीये.”

“हं,” बाबा म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, “मारामारी कधी आहे?”

“नाहीये बाबा यात.”

“मग कोण नेणार ही कॅसेट?”

आई मागे हसली. मीही हसले आणि तेवढ्यात गिरणीचा प्रसंग आला, मी घाईघाईने यंत्रं, वाफ, बायकांचे सुजलेले हात सांगायला लागले. शब्द चुकत होते. बाबा मध्येच शब्द पुरवत होते. खोलीत माझा स्वतःचा आवाज इतका वेळ मी कधी ऐकला नव्हता.

घर कुठलं असं विचारलं तर मी अजून बार्शी सांगते, फॉर्मवरही तेच लिहिते. पण बाबांसाठी तिथली खोली आता नुसती अंधारी आहे आणि माझ्यासाठी फोनच्या पलीकडे आहे. आम्ही दोघं एकत्र असतो ते फक्त मी बोलत असते तेवढा वेळ. मी थांबले की तेही जातं.

पावणेदोन तास होत आले तेव्हा मुलीचे वडील शहरात पोचले. त्यांनी गिरणीचं दार ठोठावलं. दार उघडायला लागलं आणि पडदा काळा झाला. त्या काळातले बहुतेक सिनेमे नष्ट झाले, जे उरले तेही अर्धेमुर्धे. या सिनेमाचंही शेवटचं रीळ मिळालेलं नाही. ती दोघं भेटली की नाही, हे कुठे लिहिलेलंही सापडत नाही. मी हे किती वेळा पाहिलंय, वर्गात शिकवलंय. तरी त्या दिवशी गप्प झाले.

“काय झालं?” बाबा म्हणाले. “दार उघडलं का? मला सांग की.”

“बाबा, शेवटचं रीळ हरवलंय,” मी म्हटलं. “पुढचं कुणालाच दिसत नाही. मलाही नाही.”