दोन सारख्या असल्या तर

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकतं, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला पहिली ओळ लिहवत नाही.

मला दोन मुली. थोरली एक वर्ष आजारात घरी राहिली, म्हणून दोघी एकदमच बारावी झाल्या. नवरा नव्हता. महिला संघाचं कर्ज मिळालं ते एकीच्याच कॉलेजाला पुरेल एवढं. मी दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. थोरलीला सात गुण जास्त होते. ती कंप्युटर शिकायला बेळगावला गेली. धाकटी गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात लागली आणि त्या कर्जाचा हप्ता तीच पाठवू लागली.

मागच्या वर्षी उळवीच्या जत्रेला दोघी घरी आल्या होत्या. मी पडवीत मुडल्या निवडत होते. मुडली म्हणजे आमच्याकडचा अळूसारख्या झाडाचा मोठा कंद. दोन हातांत दोन घेऊन तोलायच्या, जड ती बाजाराच्या ढिगात. चांगला कोंब दिसला की मात्र वजन बघायचं नाही, ती बियाण्याला. माझं बघून थोरलीनं लॅपटॉपवर जावा नावाच्या कंप्युटरच्या भाषेत मुडल्यांची यादी केली. पण क्रम लावायला सांगितलं की चूक दाखवणारी लाल अक्षरं यायची.

“आकडे दिले की लावतं, नावं दिली की लावतं,” ती म्हणाली. “मुडली हा प्रकार मी तयार केलाय. त्यात पुढची कुठली, हे त्याला ठाऊक न्हाई. मीच लिहून द्यायला पायजे.”

“काय लिहिणार गे?”

“दोन मुडल्या समोर आल्या तर काय बघायचं ते. पहिली आधी यायची असली तर उणे आकडा, मागनं यायची असली तर अधिक.”

“आणि दोन सारख्या असल्या तर?”

“शून्य. मग दोघींत पुढं-मागं काय न्हाई.”

धाकटी विळ्यानं मुळं काढत होती. मान वर न करता म्हणाली, “आईकडं शून्य न्हाई, अक्का. आईला सात गुण पुरतात.”

थोरली हसली, मग लॅपटॉपकडं वळली. तिनं वजन बघायचं असं लिहिलं. यादी झटकन लागली.

त्या वेळी गुणपत्रिकांत मी फक्त वजन बघितलं, कोंब बघितलाच नाही, एवढं मला धाकटीला सांगायचं होतं. मला बोलायला जमत नाही. जाताना तिच्या पिशवीत निवडक चार मुडल्या घातल्या. “तिथं कुठं शिजवू?” म्हणत तिनं त्या काढून पडवीत ठेवल्या.

हप्ता पाठवला की ती फोन करायची.

“मिळालं?”

“मिळालं. जेवलीस?”

“व्हय.”

एवढंच, पण महिन्यातून एकदा आवाज कानावर पडायचा.

यंदा जत्रेला ती आली नाही. गेल्या आठवड्यात तिनं उरलेले सगळे हप्ते एकदम पाठवले. “मिळालं?” विचारलं. मी मिळालं म्हटलं. जेवलीस का विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

संघाच्या बाईनं पुस्तकावर लाल रेघ ओढली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. कर्ज फिटलं. एक रुपया बाकी नाही.